वाटेवर काय सापडलं?

जुन्या मास्तरणीला चहाला बोलावू नये, असं आमचे हे म्हणतात. कप रिकामा होतो, पण बाई रिकाम्या होत नाहीत! खरंय हो. पण मी तरी काय करू? जिने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं तीन-चार वर्षांच्या पोरांत काढली, तिच्याकडे दागिने कुठले साठणार? किस्सेच साठणार. आणि ते काही साडीसारखे घडी करून कपाटात राहत नाहीत. एक ओढला की मागचे चार अंगावर पडतात. तेव्हा बोलावलंच आहे, तर ऐका. आणि चहात जरा आलं टाका.

आमची बालवाडी जळगावहून असोद्याला जाणाऱ्या रस्त्यावर होती. गाव लागायच्या जरा अलीकडे, नानांच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदारांच्या, केळीच्या मळ्याला लागून. एक मोठा कडुनिंब, एक पत्र्याची शेड आणि केळीला पाणी नेणारा पाट. झाली बिल्डिंग! फळा नाही, बाक नाहीत, भिंतीवर तक्ते नाहीत, कारण भिंतच नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. गावात नुकत्याच टीव्हीच्या अँटेना उगवायला लागल्या होत्या, आणि आमची पोरं मात्र गांडुळं बघत बसलेली!

बालवाडी काढली अक्कांनी. मूळच्या धुळ्याकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचं म्हणणं एकच, "बाकावर जन्मभर बसायचंच आहे. तोवर पोराला मातीत लोळू दे." जागा नानांची. अक्कांचा शब्द पडला आणि त्यांनी केळीची एक ओळ कमी लावून कडुनिंबाखालचा तुकडा मोकळा करून दिला. त्यांची स्वतःची नात सुमी आमच्याकडेच यायची. गावात सगळे म्हणायचे, "नानांची नात आहे तोवर बालवाडी आहे." हे अगदी खरं होतं. कारण बाकीचे आईबाप आमच्याकडे बघून नाही, नानांच्या घराकडे बघून पोरं पाठवत होते.

शहरातले लोक आम्हाला 'चिखलवाडी' म्हणायचे. हिणवायला म्हणायचे, पण आम्ही ते नाव मिरवायचो!

आता आमची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. सकाळी प्रार्थना झाली की मधोमध एक मोठं सूप ठेवायचं. प्रत्येक पोराने येताना वाटेवर सापडलेली एक वस्तू आणायची. पीस, दगड, लिंबोळी, कापसाचं बोंड, काहीही. अक्का विचारायच्या, "वाटेवर काय सापडलं?" मग एकेकाने उठून ती वस्तू सुपात ठेवायची आणि तिच्याबद्दल सांगायचं. त्या दिवसाचा सगळा अभ्यास त्या सुपातून निघायचा. आणि सुटताना अक्का नुसतं बोट वर करायच्या, की सगळी पोरं ओरडायची, "जिथून आणलं, तिथे ठेवून या!" मग प्रत्येकाने आपली वस्तू जाताना जागच्या जागी ठेवायची. घरी न्यायची नाही, फेकायची नाही. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही.

*

माझा पहिला दिवस. मी जळगावच्या पेठेतली. स्टार्चची साडी, खांद्याला पर्स, डोक्यात डी.एड.चं ताजं ज्ञान. प्रार्थना झाली, सूप आलं, पोरांनी आपापल्या वस्तू ठेवल्या. मी कौतुकाने बघत उभी. एवढ्यात बबन नावाचं एक टिचभर पोरगं माझ्यासमोर आलं.

"बाई, तुमची वस्तू?"

मी म्हटलं, "अरे, मी बाई आहे."

"मग काय झालं? तुम्ही वाटेवरून नाही आल्या?"

मी अक्कांकडे पाहिलं. वाटलं, त्या काहीतरी सावरून घेतील. कसलं काय! "जा बाई, आणा," म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

गेले मी! स्टार्चची साडी सावरत, बांधावरून, रस्त्यापर्यंत. काही सुचेना. शेवटी एक बरासा पांढरा दगड उचलला आणि घामाघूम होऊन परत आले. सुपात ठेवला. बबनने तो उचलला, फिरवला, उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की काय सांगू!

"हा तर मी काल आणलेला!"

*

एकदा एका पोरीला वाटेवर मुंग्यांची रांग सापडली. मेलेला नाकतोडा ओढून नेत होत्या. आता ही वस्तू सुपात कशी घालणार? पोरगी रडकुंडीला आली. अक्का म्हणाल्या, "वस्तू येत नाही ना? मग आपण जाऊ."

निघाली वरात! रस्त्याच्या कडेला सगळी पोरं पोटावर आडवी झाली, हनुवट्या मातीत टेकवून. पोरांबरोबर मीसुद्धा. हो, तोवर माझ्या साडीचं स्टार्च उतरलं होतं!

तेवढ्यात असोद्याची एसटी आली. ड्रायव्हरने पाहिलं, रस्त्याच्या कडेला पोरं पडलीत, एक बाई पडलीय. त्याने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर उडी मारून खाली. मागून पॅसेंजर. "काय झालं? कोणी उडवलं पोरांना?" एका म्हातारीने तर रडायलाच सुरुवात केली.

बबनने मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! जेवण नेतायत."

ड्रायव्हर वाकला. मग उकिडवा बसला. मग कंडक्टर बसला. थोड्या वेळाने बघते तर सगळी एसटी खाली उतरून आमच्याबरोबर मुंग्या बघतेय! नाकतोडा बिळाच्या तोंडाशी अडकला तेव्हा तो ड्रायव्हर कळवळून म्हणतो, "अरे, रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!"

त्या दिवशी असोद्याच्या स्टँडवर कंडक्टरला लोकांनी उशिराचं कारण विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "पुढे हेवी ट्रॅफिक होतं."

*

आता शहरातून येणाऱ्या एका बाईंची गोष्ट. मिस्टर बँकेत. बाई मोठ्या हौशी, कुठेतरी वाचलं होतं म्हणून मुलाला आमच्याकडे घातलं. पण बूट-मोजे घालून! तो बिचारा पहिले काही दिवस एका दगडावर बगळ्यासारखा उभा राहायचा. खाली माती, मातीत पाय कसा ठेवायचा? आम्ही कोणी काही बोललो नाही. अक्कांची सक्त ताकीद, "ओढायचं नाही. माती त्याला बोलावील."

माती कशाला, पाटाला पाणी सुटलं त्या दिवशी पाण्यानेच बोलावलं! पोरांनी धरण बांधायला घेतलं. ते फुटायला लागलं, आणि सगळी ओरडली, "अरे धर, धर!" हा दगडावरून उतरला कधी आणि धरणात आडवा झाला कधी, मलाही कळलं नाही.

नेमक्या त्या दिवशी बाई लवकर न्यायला आल्या. समोर सगळी पोरं नखशिखांत चिखलाची. नुसते डोळे लुकलुकतायत. बाईंनी "अगं बाई!" म्हणून एकाचा दंड धरला, पाटावर नेला आणि खसाखसा धुवायला सुरुवात केली. तोंड धुतलं, मान धुतली, एक हात धुतला आणि किंचाळल्या, "हा माझा नाहीये!"

तो बबन होता. मजेत धुऊन घेत होता!

आमची तुळसाबाई, म्हणजे गावातून पोरांना आणणारी-नेणारी आमची मदतनीस, काठावर बसली होती. ती म्हणाली, "आता अर्धं धुतलंच हाये, तं पुरंच धुऊन टाक व माय!"

*

दोंडाईच्याचे एक आजोबा नातवाला भेटायला आले होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. ताठ म्हातारा, डोक्याला फेटा, हातात काठी. नातवाची शाळा बघू म्हणून सकाळीच आले आणि कडुनिंबाखाली उभे राहून बघतच राहिले.

"हाई शाळा शे?" मला विचारतात. "बठ्ठा पोरे मातीमा!" सगळी पोरं मातीत, हे काही त्यांना पटेना.

अक्का धुळ्याकडच्या. आपली बोली ऐकली की त्यांना चेव यायचा. "हा, शाळाच शे!" म्हणाल्या. "बसा ना आबा. दुपारनी गाडीले वेळ शे."

पोळा जवळ आला होता. पोरं मातीचे बैल करत होती. आबा काठीवर हनुवटी टेकून नाराजीने बघत बसले. मग म्हणाले, अमक्याची शिंगं चुकली. मग म्हणाले, तमक्याचे पाय चुकले. मग काठी बाजूला ठेवली. मग फेटा काढून ठेवला. मग धोतर खोचून मातीत बसले! असा सुंदर बैल केला म्हणून सांगू, की सगळी पोरं भोवती जमली. आबांनी मिशीवर हात फिरवला. मिशीलाही माती लागली.

त्यांचा चार वर्षांचा नातू मात्र गंभीर. बैलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आबा, याच्या पाठीवर वशिंडच नाही!"

आबांनी बघितलं. खरंच नव्हतं!

"मना बठ्ठा जलम बैलस्मा गया," आबा कपाळावर हात मारून ओरडले, "नि हाऊ पोऱ्या माले बैल शिकाडस!"

ओरडत होते, पण डोळे बघायला हवे होते त्यांचे. अभिमान नुसता वाहत होता. दुपारची गाडी गेलीच. आबा बसले होते वशिंड लावत.

*

आता साहेबांचा किस्सा. बालवाडीला मान्यता हवी होती, म्हणून जिल्ह्याच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला येणार होते. अक्का कधी घाबरत नसत, पण त्या दिवशी त्यांनीही इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. शेड झाडली, सडा घातला, सूप धुतलं. साहेबांचा पत्ता नाही. आम्ही शेवटी नेहमीसारखी सुरुवात केली.

"वाटेवर काय सापडलं?"

बबनला उशीर झाला होता. तो बांधावरून येताना दिसला. त्याने एका सफारी घातलेल्या गृहस्थाचं बोट घट्ट धरलं होतं. त्यांना थेट सुपापर्यंत आणलं आणि छाती काढून म्हणाला, "अक्का, मला हा सापडला!"

झालं होतं काय, साहेब चुकीच्या स्टॉपवर उतरले आणि मारुतीच्या पारावर रस्ता विचारायला उभे राहिले. तिथे कोणी नव्हतं, एक बबन सोडून!

साहेब म्हणाले, "अहो, मी तपासणीला—"

"हो हो," अक्का म्हणाल्या. "बसा. आधी त्याला सांगू द्या."

मी पदर तोंडात कोंबला. साहेब सुपाशेजारी मांडी घालून बसले. बबन सांगायला लागला, "हा पारावर होता. याला टक्कल आहे. याचा बूट चावतो. हा हरवला होता." मग नियमाप्रमाणे बाकीच्यांनी वस्तू तपासली. एकाने बटणं मोजली. एकाने टकलावर हात ठेवून "गरम आहे" म्हणून सांगितलं. एका पोरीने जवळ जाऊन वास घेतला आणि जाहीर केलं, "पावडर!"

नानांची सुमी तेवढी बोलली नाही. ती कधीच बोलायची नाही. घरात चिमणीसारखी चिवचिव, पण उंबरठा ओलांडला की ओठ शिवलेले. वस्तू रोज आणायची, पण नुसती सुपात ठेवायची आणि मागे जाऊन बसायची. त्या दिवशी तिने साहेबांच्या चावऱ्या बुटात हळूच कापसाचं बोंड खोचलं. साहेबांनी पाय हलवून बघितला आणि पहिल्यांदाच हसले.

मान्यता मिळाली. पण किस्सा तिथे संपत नाही. बालवाडी सुटली. अक्कांनी बोट वर केलं. "जिथून आणलं, तिथे ठेवून या!" बबनने साहेबांचं बोट धरलं, त्यांना मारुतीच्या पारापर्यंत नेलं, नेमक्या जागेवर उभं केलं आणि बजावलं, "आता इथंच राहा."

साहेब पुढे अक्कांना भेटले तेव्हा सांगत होते, "बाई, पोरगं दिसेनासं झालं तरी मी उभाच! हलायची हिंमतच होईना!"

*

हसता काय! पण तुम्हाला खरं सांगते, असे दिवस चालू असताना आमच्या पायाखालची माती सरकत होती.

शहरात एक इंग्लिश नर्सरी निघाली. टाय, बूट, पाण्याची रंगीत बाटली, न्यायला-आणायला रिक्षा. असोद्यातलं पहिलं पोर तिकडे गेलं, मग दुसरं. बँकवाल्या बाई मात्र टिकून होत्या. त्या म्हणायच्या, "मला आता धुवायची सवय झालीय!" पण गाव बघत होतं नानांच्या घराकडे.

आणि नानांची सून, रेखा, शिकलेली मुलगी. वाईट नव्हती हो अजिबात. आई होती. एकदा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुमची माया मला दिसते. पण माझी सुमी इथे एक शब्द बोलत नाही. उद्या पहिलीत कसं होईल तिचं? तिथे बोलायला तरी लावतील." पोरगी खरंच बोलत नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी नाना आले. पाटाच्या काठावर बसले. बराच वेळ टोपी काढायची, झटकायची, घालायची, एवढंच.

"अक्का," म्हणाले, "सुमी उद्यापासून तिकडे चालली. सुनेच्या लेकराले मी कसं अडवू? पन माह्या घरचीच पोरगी गेल्यावर मी दुसऱ्याले कोन्या तोंडानं सांगू, का तुमची इथं ठेवा म्हून?"

अक्का म्हणाल्या, "नाना, अडवू नकाच. पोर तिच्या आईचं आहे." आवाज नेहमीसारखाच. पण नाना गेल्यावर त्यांनी ते सूप उचललं, पदराने पुसलं आणि परत पुसलं. मला तर रडूच आलं. तुळसाबाई तिकडे तोंड करून नाक ओढत होती.

दुसऱ्या दिवशी सुमीची जागा रिकामी. बबनने विचारलं, "सुमीची वस्तू कोण ठेवील?" आणखी तीन पोरं आली नव्हती.

बालवाडी सुटायची वेळ झाली. पोरं आपापल्या वस्तू उचलत होती, तेवढ्यात बांधाशी रिक्षा थांबली. आतून रेखा उतरली आणि मागून सुमी. टाय गळ्यात, बूट हातात, पाय अनवाणी. ती सरळ येऊन सुपासमोर उभी राहिली. एक मूठ घट्ट मिटलेली.

रेखाला हसावं की रडावं कळत नव्हतं. म्हणाली, "अक्का, सकाळपासून ही मूठ उघडेना. रिक्षात बसताना काय उचललं कोण जाणे. मॅडमनी गाणं म्हणायला सांगितलं, नाही म्हटलं. नाव विचारलं, नाही सांगितलं. रडलीही नाही. नुसती मूठ धरून बाकावर बसून राहिली. मी न्यायला गेले, घंटा झाली, सगळी मुलं ओळीने 'बाय मॅडम' म्हणत निघाली. ही उठली. मॅडमसमोर गेली. त्यांचं बोट धरलं. आणि अक्का, माझ्या देखत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी मोठ्यांदा बोलली माझी पोर!"

"काय बोलली?" अक्का पुढे सरकल्या.

रेखाने डोळे पुसले.

"म्हणाली, 'शाळा सुटली ना? मंग आता मले जिथून आनलं, तिथं ठेवून या!'"